उजव्या पायातली डावी चप्पल

घाईगडबड (सोमवार, रात्री ११.४०)

लेक सव्वादोन वर्षांची. गेले दोन महिने घरात एकच जप चालू आहे: "माझं मी कलते." दात माझे मी घाशते, दार माझं मी लावते, दिव्याचं बटण तर माझंच. हे सगळं फार गोड आहे. रविवारी. सोमवारी सकाळी पावणेनऊला नाही.

आज चपलांवरून झालं. दाराशी फतकल मारून बसली होती, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर, आणि डावी चप्पल उजव्या पायात कोंबणं चाललं होतं. मी चार मिनिटं थांबले (घड्याळाकडेच बघत होते, म्हणून नक्की माहीत आहे). मग राहवलं नाही. वाकले, दोन्ही चपला फटाफट घातल्या, तिला काखोटीला मारलं आणि निघाले. जिन्यात असा टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचं दार उघडलं. शेवटी खाली ठेवलं, तर बाईसाहेब रांगत पायऱ्या चढून परत वर. दाराशी बसून दोन्ही चपला काढल्या, आधी होत्या तशा भिंतीला लावून ठेवल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. पुन्हा उलट्याच घातल्या. उठली, गालावर पाणी तसंच, आणि मला म्हणाली, "झालं."

पाळणाघराला उशीर, ऑफिसला उशीर. पण दिवसभर डोक्यात ते "झालं"च होतं.

तर प्रश्न साधा आहे. अशा वेळी तुम्ही करू देता की करून टाकता? आणि तुमच्याकडचे असे किस्से असतील तर तेही येऊ द्या. "पंधरा मिनिटं लवकर उठा" असं लिहिणाऱ्यांसाठी आधीच सांगते, मी लवकर उठले की तीही लवकर उठते.

निवांतनाही (सोमवार, रात्री ११.५२)

रुमाल टाकून ठेवते. सध्या इकडे पायजम्याच्या एकाच पायात दोन्ही पाय गेलेत आणि मदत नको आहे.

दोनाचे_चार (मंगळवार, सकाळी ६.१०)

जुळ्यांचा बाप बोलतोय. एकाचं "माझं मी" आणि दुसऱ्याचं "तू कल". म्हणजे अर्धं काम वाचायला हवं, नाही का? नाही वाचत. मी दुसऱ्याचं करतोय हे बघून पहिल्याला तेच माझ्याकडून करून हवं असतं. करायला गेलं की "माझं मी".

माझं उत्तर स्पष्ट आहे: घाई असेल तर करून टाका. रडेल, पाच मिनिटांनी विसरेल. पोर रडलं म्हणजे आपण काही गुन्हा केला, असं प्रत्येक वेळी वाटून घेतलं तर जगणं मुश्कील होईल.

शेवटचा_बाक (मंगळवार, सकाळी ९.०५)

दोनाचे_चार, विसरली नाही ना पण! परत वर चढून गेली. मला तर तीच गंमत वाटली. तिचं रडणं चपलेसाठी नव्हतंच, चालू काम हातातून काढून घेतलं म्हणून होतं. आपण कुलूप लावत असताना कुणी किल्ली हिसकावून लावून टाकलं तर आपणही चिडतो, फक्त जिन्यात लोळत नाही.

आमच्याकडे आधीच करार असतो: "दोनदा तू, मग मी." दोन प्रयत्न झाले की मी हात लावतो. कुरकुर होते, पण टाहो नाही.

घाईगडबड (मंगळवार, सकाळी ९.४०)

करार आवडला, पण आमची मोजणी एक, दोन, पाच, आठ, दहा अशी आहे. दुसरा पक्ष त्याचा फायदा घेणार.

आजोबा_पुन्हा_एकदा (मंगळवार, दुपारी ३.२०)

मी या बाबतीत दोन्ही बाजूंनी खेळलेला माणूस आहे. स्वतःच्या मुलांच्या वेळी "करून टाका" पंथाचा होतो. मुलं कधी चालायला लागली, कधी बोलायला लागली, सगळं कामावरून घरी आल्यावर कळलं. आता नातू पावणेदोन वर्षांचा आहे आणि मला कुठेही वेळेवर पोचायचं नाही.

आमची रोजची फेरी मोठ्या माणसाच्या पावलांनी दहा मिनिटांची. आम्हाला पाऊण तास लागतो. त्यातली पंधरा मिनिटं एका फाटकापाशी जातात. फाटकाच्या खाली चार बोटांची फट आहे. तो एक वाळलेलं पान उचलतो, फटीतून आत ढकलतो, माझं बोट धरून शेजारच्या उघड्या दारातून आत जातो आणि पान आलंय का बघतो. पान आलेलं असतं. मग तेच पान आतून बाहेर. दर वेळी पान येतं आणि दर वेळी त्याचा चेहरा असा होतो की जणू आज पहिल्यांदाच आलं. पहिल्या दिवशी मी कंटाळलो होतो. चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की मीपण वाकून बघतोय.

परवा पान फटीत अडकलं आणि पलीकडे आलंच नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ते खिशात घातलं होतं.

उनाड_ढग (मंगळवार, दुपारी ४.०२)

आजोबा, हे फारच छान. वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे मुलांना वर्षभरात कळायला लागतं, असं मानसशास्त्रज्ञ प्याजे म्हणून गेले. तुमचा नातू त्याची खातरजमा करतोय बहुतेक. तेही रोज, साक्षीदारासमोर.

तिसरी_घंटा (मंगळवार, दुपारी ४.३०)

चालण्यावरून आठवलं. मुलगा चालायला लागला तेव्हा सारखा पडायचा. मला वाटायचं आपल्याच पोराचा तोल कच्चा आहे. तेव्हा २०१२ चा एक अभ्यास वाचनात आला. कॅरन अॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांना मोकळं खेळू देऊन त्यांची पावलं मोजली होती. सरासरी तासाला २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला! मी त्या दिवसापासून दर वेळी धावत जाणं बंद केलं. धावले नाही तर तोही बहुतेक वेळा रडायचा नाही, आधी माझ्या तोंडाकडे बघायचा. माझा चेहरा "अगं बाई" असा झाला की भोंगा सुरू, नाही झाला की उठून चालू.

दोनाचे_चार (मंगळवार, दुपारी ४.४१)

म्हणजे "पडला नाही, मुंगी मेली, मुंगी मेली" या हिशोबाने तासाला सतरा मुंग्या. जुळ्यांच्या घरात चौतीस. आमच्याकडे वारूळ संपलं.

निवांतनाही (मंगळवार, दुपारी ४.४५)

फुटले! :) तो पायजमा शेवटी तसाच घालून झोपली, दोन्ही पाय एका नळीत. जलपरी.

काठावरून (मंगळवार, रात्री ८.१५)

मुंगीचं ठीक आहे, पण पडल्यावर "फरशीने मारलं? हात रे फरशी!" करून जमिनीला चापट्या मारणं मला अजिबात पटत नाही. पडला तो, मार खाल्ला फरशीने. पुढे सगळं आयुष्य दुसऱ्याची चूक शोधण्यात जायचं.

आजोबा_पुन्हा_एकदा (मंगळवार, रात्री ८.५०)

काठावरून, मी तीन पिढ्या फरशीला मारताना पाहिल्या आहेत. त्यातला कुणी मोठेपणी फरशीवर खटला भरलेला नाही. हलके घ्या. :)

शेवटचा_बाक (मंगळवार, रात्री ९.३०)

मी काठावरूनच्या बाजूने. पण सांगतो काय झालं ते. आम्ही घरात कुणालाही फरशीला मारू दिलं नाही. परवा मीच टेबलाच्या कोपऱ्यावर गुडघा आपटून कळवळत बसलो, तर लेक आली आणि आधी टेबलाला फुंकर घातली. "टेबलाला बाऊ." माझा नंबर नंतर.

व्याकरणवाली (बुधवार, सकाळी १०.२०)

जरा अवांतर. आमचा अडीच वर्षांचा सध्या "आजी जाली", "मी येलो", "बाबाने करलं" असं बोलतो. सासूबाई काळजीत, कारण दोन-तीन महिन्यांपूर्वी तोच "गेली" असं नीट म्हणायचा. त्यांना वाटलं, पाळणाघरात कुणाचं तरी ऐकून बिघडला.

बिघडला नाही, हुशार झाला. आधी ऐकलेला शब्द पोपटासारखा म्हणत होता. आता त्याला नियम सापडलाय: बस-बसला, पड-पडला, झोप-झोपला. मग कर-करला, जा-जाला, ये-येला. चूक कुणाची असेल तर मराठीची. केला, गेला, आला हे सगळे नियम मोडून बसलेले शब्द, आणि नेमके तेच दिवसभर लागतात. १९५८ साली जीन बर्को यांनी मुलांना पक्ष्यासारख्या एका प्राण्याचं चित्र दाखवून "हा वग" असं सांगितलं आणि मग दोन प्राणी दाखवले. असा शब्दच जगात नव्हता, पण मुलांनी त्याचं इंग्रजी अनेकवचन बरोबर केलं. ती मुलं आपल्या पोरांपेक्षा थोडी मोठी, चार ते सात वर्षांची होती. पण मुद्दा तोच, की ऐकलेलं नुसतं पाठ करत नाहीत, आतला नियम काढून घेतात.

दुरुस्त करत बसायची गरज नसते म्हणतात, आपण फक्त नीट बोलत राहायचं. मी म्हणते, "हो रे, आजी गेली." तो समजूतदारपणे मान हलवतो आणि म्हणतो, "हो. जाली."

उनाड_ढग (बुधवार, सकाळी १०.५५)

आमचा चिरंजीव दिवसभर माझ्याबरोबर असतो, त्यामुळे "मी आले", "मी खेळते". संध्याकाळी बाबा घरी आला की अर्ध्या तासात "मी आलो". शनिवार-रविवारी नक्की कोण आलंय ते बघायला उठावं लागतं.

आणि "तुला उचलून घेऊ?" असं म्हणत माझ्यासमोर हात वर करून उभा राहतो. मी रोज त्याला तेच विचारते ना, म्हणून त्याच्या लेखी मागायचं वाक्यच ते. मला इतकं आवडतं की मी मुद्दाम बदललं नाहीये. कुणी रागवू नका.

वाचनमात्र_होतो (बुधवार, रात्री १०.१०)

इतका वेळ नुसता वाचत होतो. या कौतुकाच्या धाग्यात एक कबुली देतो. आम्ही जेवताना मोबाइल लावून देतो. दोघंही नोकरी करतो, संध्याकाळी अंगात त्राण नसतं, आणि मोबाइल नसेल तर तोंड उघडत नाही. आता हाणा.

काठावरून (बुधवार, रात्री १०.२५)

हाणत नाही, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला फार तर एक तास, तोही कमी केला तर उत्तम.

वाचनमात्र_होतो (बुधवार, रात्री १०.३१)

संघटनेला म्हणावं एकदा येऊन भरवून जा.

व्याकरणवाली (बुधवार, रात्री १०.४८)

त्याच पत्रकात असंही आहे की एक-दोन वर्षांच्या मुलांनी दिवसातून किमान १८० मिनिटं हालचाल करावी आणि दुपारची धरून ११ ते १४ तास झोपावं. ते वाक्य कुणी कुणाला पाठवत नाही. झोपेचं तर संघटनेने थेट आमच्या मुलालाच कळवावं.

वाचनमात्र, आम्हीही यातून गेलोय. एकदम बंद करणं जमलं नाही. आधी रात्रीचं जेवण आमच्याबरोबर खाली बसून सुरू केलं. ताटात अगदी थोडं वाढायचं आणि त्याच्या हाताने खाऊ द्यायचं. पहिले चार दिवस जेवणापेक्षा पुसणंच जास्त झालं. माझ्या मते "माझं मी"चा सगळ्यात मोठा उपयोग इथेच आहे, भरवायला लागलं तरच मोबाइल लागतो.

घाईगडबड (बुधवार, रात्री ११.१५)

अगदी! पण हे "माझं मी" कुठवर न्यायचं? काल रिमोटचं मागचं झाकण उघडून बसली होती.

तिसरी_घंटा (गुरुवार, सकाळी ७.००)

घाईगडबड, तिथे करार-बिरार काही नाही. रिमोट, खेळणी, वजनकाटे यांत त्या चपट्या बटणासारख्या बॅटऱ्या असतात. अशी बॅटरी गिळली तर घशात, अन्ननलिकेत अडकून दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठायचं. झाकण स्क्रूचं नसेल तर घट्ट चिकटपट्टी लावून ती वस्तू वर ठेवून द्या. बाकी कपाटातली भांडी काढून पसरू देत, मी हूं की चूं करत नाही.

आजोबा_पुन्हा_एकदा (गुरुवार, दुपारी २.१०)

भांड्यांवरून नातवाची मदत आठवली. दोरीवर कपडे वाळत घालताना माझ्या हातून चिमटा पडला की तो कुठूनही धावत येतो, उचलतो आणि माझ्या हातात देतो. चेहरा असा की पगार यावरच आहे. लोभ सुटून मी एक-दोनदा मुद्दाम पाडला. तर त्याने चिमटा उचलून दिला, आणि मग टोपलीतले सगळे चिमटे ओतून एकेक करून द्यायला लागला. त्या दिवशी तीन कपड्यांना तेवीस चिमटे लागले.

उनाड_ढग (गुरुवार, दुपारी ३.३५)

आजोबा, हाच प्रयोग झालेला आहे! फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो, २००६. दीड वर्षाच्या मुलांसमोर अनोळखी माणूस कपडे वाळत घालताना चिमटा पाडतो आणि हात पोचत नसल्यासारखं करतो. कुणी न सांगता मुलं उठून चिमटा देतात. मुद्दाम फेकला तर मात्र तितकी देत नाहीत. म्हणजे तुमचा अभिनय चांगला झाला असणार.

त्याच दोघांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर आणखी एक प्रयोग केला. ज्यांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं, ती मुलं पुढच्या वेळी कमी मदत करायला लागली. हे वाचून मी फ्रीजवरचा चांदण्यांचा तक्ता काढून टाकला.

दोनाचे_चार (गुरुवार, दुपारी ३.५०)

मी नाही काढणार. चांदणी मिळते म्हणून दोघं दात घासतात. संशोधकांच्या घरी जुळी होती का, ते आधी विचारा.

निवांतनाही (गुरुवार, रात्री ११.०५)

इतके दिवस एका-एका ओळीवर भागवलं, आज थोडं लिहिते. आज रात्री ती झोपताना माझ्या कानाची पाळी धरून पडली होती. ती तशीच झोपते, पाळी दोन बोटांत चोळत. डोळे मिटत आले आणि ती म्हणाली, "आई, चांदोबा पण माझं मी झोपतो." मी म्हटलं हो. मग म्हणाली, "त्याला कान नाही." आणि झोपली.

मोठ्या माणसांना साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही. म्हणजे हे तिला आठवणार नाही. हा कान, हा चांदोबा, काहीच नाही. मला रडूच आलं एकदम. नवऱ्याला उठवून सांगितलं, तर तो म्हणाला, "मग लिहून ठेव." म्हणून इथे लिहिलं.

आजोबा_पुन्हा_एकदा (शुक्रवार, पहाटे ५.४५)

लिहून ठेवा हो. मी माझ्या मुलांचं काही लिहिलं नाही. थोरली "खिडकी"ला "किकडी" म्हणायची तेवढं एक आठवतं. आता ती चाळिशीची आहे, अजूनही फोनवर कधी चिडली की मला किकडी ऐकू येते.

शेवटचा_बाक (शुक्रवार, सकाळी ९.१५)

धाग्याचा मूळ प्रश्न चपलांचा होता, याची नम्र आठवण. एक युक्ती सांगतो. एखादं मोठं स्टिकर घ्या, मधोमध कापा. अर्धं डाव्या चपलेच्या आत, अर्धं उजव्या चपलेच्या आत चिकटवा. चपला बरोबर शेजारी ठेवल्या की चित्र पूर्ण होतं, उलट ठेवल्या की नाही. तिने चित्र जुळवायचं आणि पाय घालायचे. आमच्याकडे तीन दिवसांत जमलं. तोवर उलट्या चपला घालून गेली तरी काही बिघडत नाही, टोचलं की आपण होऊन काढतात.

काठावरून (शुक्रवार, सकाळी ९.४०)

हे मस्तच आहे. पहिल्यांदाच शेवटच्या_बाकाशी शंभर टक्के सहमत.

घाईगडबड (शुक्रवार, सकाळी ९.५५)

आज रात्रीच करते! हत्तीचं स्टिकर आहे घरात.

घाईगडबड (सोमवार, सकाळी ११.३०)

अहवाल सादर करते.

शनिवारी चिकटवलं. हत्तीची सोंड डावीत, शेपूट उजवीत. लेक बेहद्द खूश. दिवसभर चपला शेजारी लावून "हत्ती आला", लांब करून "हत्ती जाला" (व्याकरणवाली, तुमची आठवण आली). एकदाही चुकली नाही. रविवारी सकाळी झोपेतून उठून आधी चपला. मी मनात शेवटच्या_बाकाचा पुतळासुद्धा उभारला.

आज सकाळी साडेआठलाच दाराशी नेऊन बसवलं, म्हटलं आज हवा तेवढा वेळ घे. तिने पाच सेकंदांत हत्ती जुळवला. उठली. पाय उचलला. आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"पाय नको. हत्तीला बाऊ होईल."

खूप समजावलं. हत्ती मोठा असतो, हत्तीला काही होत नाही, हत्तीला गंमत वाटते. ऐकेना. शेवटी अनवाणी निघालो. एक चप्पल तिच्या एका हातात, दुसरी दुसऱ्या हातात, आणि मला उचलूनही घेऊ देईना, कारण जिना तिचा ती उतरणार होती. उशीर गेल्या सोमवारइतकाच झाला, पण या वेळी रडलं कुणीच नाही.

दोनाचे_चार (सोमवार, सकाळी ११.४१)

स्टिकर तळव्याला बाहेरून लावा. वर हत्ती नाही, खाली जमीन.

शेवटचा_बाक (सोमवार, सकाळी ११.४४)

दोनाचे_चार, मग हत्ती चिखलात जाईल ना.

घाईगडबड (सोमवार, सकाळी ११.५०)

तिला विचारून सांगते.